व्हीआर शूटरमध्ये (हेडसेट डोळ्यांवर घालून खेळायच्या गोळीबाराच्या गेममध्ये) चालताना गरगरतंय?
लेका, आठवड्याच्या आत हेडसेट विकायला काढू नकोस. मीबी परभणीत भर मे महिन्यात, कूलरसमोर उभा असूनही दहा मिनिटांत भिंत धरून बसलो होतो.

डोळे म्हणतात आपण पळायलोय, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो जागेवरच आहेस. त्या भांडणात पोट ढवळतं. म्हणून आधी स्मूथ टर्न (सलग गोल वळणं) बंद कर, ३० किंवा ४५ अंशांचा स्नॅप टर्न (एका झटक्यात वळणं) लाव. कडा अंधारवणारा व्हिनेट पूर्ण चढव.

पण तुझी खरी अडचण मला दुसरीच वाटते. कंट्रोलरची स्टिक पुढं ढकलली तरी भलतीकडंच जातोस ना? बऱ्याच गेममध्ये चालण्याची दिशा डोक्यावरून की हातावरून, हे निवडता येतं. हातावर असेल तर डावा हात कमरेचं गोळ्यांचं मॅगझिन काढायला गेला की पायही तिकडंच वळतात, आणि समोरचा तुला टिपून मोकळा. सध्या डोक्यावर ठेव. स्टिक सोडूनही सरकत असशील तर डेडझोन (स्टिक किती हलेपर्यंत गेमनं दुर्लक्ष करायचं ती मर्यादा) थोडा वाढव.

पायाखाली छोटी सतरंजी टाकून अनवाणी खेळ, भिंतीकडं सरकलास की तळव्यांनाच कळतं. (आमच्या टीव्हीला हे उशिरा कळलं.) मळमळलं की लगेच थांब, जिद्दीला पेटू नकोस.