वेचणीच्या शेतात सुवार्ता

प्रश्न : मावशी, प्रभूमध्ये सलाम. आमच्या गावात ख्रिस्ती घरं अकरा. पाळकसाहेब म्हणतात, दर रविवारी दुपारी शेजारच्या गावांत येशूच्या सुवार्तेच्या पत्रिका वाटायला चला. आमच्या चर्चच्या मंडळीतले वडीलधारे म्हणतात, आहो तेवढे बरे, उगाच गावाशी वाकडं कशाला? मी रोजाने कापूस वेचायला जाते. सोबतच्या बाया विचारतात, "तुमच्या देवाले मूर्ती काऊन नाही वं?" मला बोलताच येत नाही. सुवार्ता सांगणं खरंच प्रत्येकाचं काम आहे का?
– एक भगिनी, दारव्हा तालुका

उत्तर : हो बाई, प्रत्येकाचं आहे. आणि तुझं तर आधी, कारण तुला लोक आपणहून विचारताहेत.

"आहो तेवढे बरे" हे मी माहेरच्या मंडळीत लहानपणापासून ऐकलं. तिथल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत कित्येक वर्षं तीनच आडनावं आहेत. सभा भरायची ती दफनभूमीच्या कुंपणासाठी, नाहीतर चर्चची किल्ली कुणाकडे राहील यासाठी. नवा माणूस दारात आला तर त्याला "बसा" म्हणायचंही कुणाला सुचत नसे. सुवार्ता थांबली की मंडळीची भावकी होते. मला याचं फार वाईट वाटतं.

कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचंच बघ. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यातल्या एका गोऱ्या प्रवाशाने गप्पा मारता मारता त्यांच्या हाती बायबलचा नवा करार दिला. टिळकांनी तो वाचला, महिनोन्महिने मनाशी झगडले आणि १८९५ च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतला. आज आपण त्यांची भजनं गातो. त्या प्रवाशाने डब्यात तोंड उघडलं नसतं तर?

आता तुझ्या शेतातलं. माझी आईही वेचणीला जायची, मी तिच्यामागे. कमरेला ओटी, बोंडांच्या टोकांनी बोटं सोललेली. शेजारच्या ओळीत वेचणाऱ्या एका काकूंना बरेच महिने अंगावरून जात होतं. लाजेने त्या कुणाला सांगत नव्हत्या, आईला मात्र सांगितलं. आईने वेचता वेचता बायबलातल्या मार्कच्या पाचव्या अध्यायातली बाई सांगितली : बारा वर्षांचं तेच दुखणं, सगळा पैसा वैद्यांवर गेलेला, गर्दीत मागून येऊन येशूच्या वस्त्राला हात लावते, आणि तो वळून तिला "मुली" म्हणतो. काकूंचे हात थांबले. "मुली म्हणलं त्यानं?" एवढंच त्या बोलल्या. दोन दिवसांनी आई त्यांना बैलगाडीत बसवून दवाखान्यात घेऊन गेली. काकूंनी बाप्तिस्मा कधी घेतला नाही. पण नाताळात आमच्या दारात रांगोळी त्याच घालायच्या, आणि ती गोष्ट त्यांनी आपल्या सुनांना सांगितली.

मूर्ती का नाही यावर वाद घालू नकोस. त्यांच्या देवाबद्दल वावगा शब्द काढू नकोस. पैशाचं, नोकरीचं आमिष नको, आणि "गोळ्या बंद करा, प्रार्थनेनं बरं होईल" असं तर चुकूनही म्हणायचं नाही. मी चौतीस वर्षं नर्स होते, त्याचे परिणाम मी पाहिले आहेत. घटनेच्या कलम २५ ने आपल्याला धर्माचा प्रचार करायचा हक्क दिला आहे. पण त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सांगितलं. आपण सांगावं, पुढचं त्या माणसाच्या आणि देवाच्या मधलं. वडीलधाऱ्यांनाही हेच समजावून सांग, त्यांची भीती खोटी नाही.

पाळकसाहेबांना माझा निरोप दे : अनोळखी गावात पत्रिका वाटण्याआधी एक दिवस वेचणीच्या शेतात येऊन धुऱ्यावर बसा, बाया काय विचारतात ते ऐका.

आणि तू आज रात्री मार्कचा पाचवा अध्याय वाच, पुस्तक मिटव आणि चुलीजवळ बसून तुझ्या मुलीला ती गोष्ट घरच्या बोलीत सांग. जिथे अडखळशील ते मला लिही.