सायकलच्या मोठ्या गिअरवर पेडल उलटं फिरवलं की चेन उतरते, उपाय काय?

पुढे एकच चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र), मागे १२ स्पीड कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) आणि चेन फक्त त्यातल्या सगळ्यात मोठ्या स्प्रॉकेटवरून (चक्रावरून) घसरते, तर डिरेल्युअरचे (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचे) स्क्रू पिळत बसू नका. तो बिचारा उगाच बदनाम होतो. बहुतेकदा चेनरिंगच जास्त बाहेर असते.

आधी मोजा. सीट ट्यूबच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) कडेपासून चेनरिंगच्या दाताच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या, त्यात ट्यूबचा अर्धा व्यास मिळवा. ही झाली चेनलाइन. मागच्या चाकाच्या १४८ मिमी रुंद ‘बूस्ट’ हबला ती साधारण ५२ मिमी असते, जुन्या १४२ ला ४९ च्या आसपास. (काही फुल सस्पेन्शन फ्रेमची सीट ट्यूब मध्यावर नसते, तिथे हे माप फसवं.)

क्रँक (पेडलचा दांडा) स्रॅम कंपनीची डायरेक्ट माउंट, म्हणजे चेनरिंग थेट क्रँकवर बसणारी, असेल तर काम सोपं: ३ मिमी ऑफसेटची (दात किती आत सरकलेत त्याचं माप) चेनरिंग काढून ६ मिमीची लावा, ती ३ मिमी आत येते. घट्ट करण्याआधी क्रँक हळूहळू पूर्ण फिरवून चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या आडव्या नळीला) दात घासत नाहीत ना, ते बघा. घासत असतील तर दोन दात कमी असलेली चेनरिंग घ्या. बॉटम ब्रॅकेटचे (क्रँक फिरते त्या बेअरिंगचे) स्पेसर इकडचे तिकडे करणं शेवटचा उपाय, तोही क्रँकच्या मॅन्युअलमध्ये चालत असेल तरच.

मग लहान स्प्रॉकेटवर चेन थोडी जास्त तिरकी पळेल, जराशी कुरकुरेल. चालतंय, चढावर तिथे कोण जातंय!