आधी शीची भीती घालवा, धुणे मागाहून शिकवा

तुमची साडेतीन वर्षांची मुलगी शाळेत शी रोखून धरते, घरी आल्यावर चड्डीला डाग दिसतात आणि शी झाल्यावर स्वतः धुवायला सांगितले की ती रडते, असे तुम्ही लिहिले आहे. इंदूरच्या एका बालवाडीत मी 22 वर्षे याच वयाची मुले सांभाळली. त्या अनुभवावरून माझे स्पष्ट मत आहे की धुण्याचा आग्रह तुम्ही सध्या पूर्णपणे थांबवावा.

चड्डीला लागलेला डाग हा आळस नव्हे. शी रोखली की आतड्यात तिच्यातले पाणी शोषले जात राहते, ती कडक होते, बाहेर येताना दुखते आणि दुखते म्हणून मूल ती पुन्हा रोखते; मग साठलेल्या खड्याच्या कडेने पातळ शी मुलाच्या नकळत झिरपते. माझ्या वर्गातला एक मुलगा दाराची चौकट धरून, टाचा उचलून, पाय आवळून उभा राहत असे. तो जोर करतो आहे असे त्याच्या आईला वाटे. प्रत्यक्षात तो लालबुंद होऊन शी थांबवत असे. तुमच्याकडे असे काही दिसत असेल, शी खड्यासारखी होत असेल किंवा तिच्यात रक्त असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्यांचे औषध दोन दिवस बरे वाटले म्हणून बंद करू नका.

पोटात अन्न गेले की आतडी हलू लागतात, म्हणून जेवणानंतर पाच-दहा मिनिटे तिला बसवावे. सकाळी शाळेच्या गाडीची घाई असेल, तर रात्रीच्या जेवणानंतरची वेळ धरा. कमोडवर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. पाय टेकल्याशिवाय लहान मुलाला नीट जोर करता येत नाही.

शी बिनत्रास होऊ लागली की धुणे शिकवा, पण शेवटाकडून. पहिला आठवडा सगळे तुम्ही धुवा आणि शेवटचे पाणी तेवढे तिला ओतू द्या. पुढे शेवटचा हात तिचा, त्यापुढे अर्धे काम तिचे. जेटच्या गार फवाऱ्याला मुले दचकतात, शिवाय आपल्याकडे पुष्कळ भागांत नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, तेव्हा बादली आणि मग यांचीच सवय लावलेली बरी. हा मग तिला एका हाताने उचलेल इतका लहान हवा. तो उजव्या हातात, धुणे डाव्याने, आणि डावा हात बादलीत बुडवायचा नाही. बादलीत पाणी थोडेच ठेवा आणि काम झाले की रिकामी करा, कारण वीतभर पाण्यातही लहान मूल बुडू शकते. मुलींनी पुढून मागे धुवावे, हे पहिल्या दिवसापासून सांगा. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असतो आणि उलट धुतल्यास शीतले जंतू तिथे जाऊन लघवीला जळजळ होते.

हात धुणे शिकवताना मी मुलांच्या तळव्यांना तेलात कालवलेली हळद लावत असे. साबणाने धुऊन झाल्यावर बोटांच्या बेचक्यांत आणि नखांच्या कडेला पिवळे राहिले की, कुठे चोळायचे राहिले ते मुले आपणच दाखवत. निदान 20 सेकंद चोळायला हवे. मुलांना सेकंद कळत नाहीत, म्हणून आम्ही वीसपर्यंत अंक मोठ्याने म्हणत असू.

शाळेसाठी इलास्टिकची चड्डी द्या. बाईंना भेटून सांगा की तिने मागितले की लगेच सोडावे, आणि शाळेतला संडास तिला एकदा शाळा सुटल्यावर, गर्दी नसताना, तुम्ही स्वतः बरोबर जाऊन दाखवा.