शेलमधला वायू समजून घेताना आधी केरोजेनकडे बघ

नव्याने शेल (बारीक चिखलापासून बनलेला थरांचा खडक) अभ्यासणारे बहुतेकजण आधी सेंद्रिय कार्बनचा आकडा बघतात. २ टक्क्यांच्या वर दिसला की खूश! तू तिथे थांबू नकोस. तो कार्बन कशाचा आहे आणि किती तापला आहे, हे विचार.

समुद्राच्या ऑक्सिजन नसलेल्या तळाशी बारीक चिखलाबरोबर शैवाल, प्लवक गाडले जातात. त्यांचं केरोजेन, म्हणजे खडकातला घट्ट सेंद्रिय पदार्थ, होतं. साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसला त्यातून मुख्यतः तेल सुटतं. त्याहून जास्त तापलं की केरोजेनमधून थेट वायू निघतोच, पण खडकात अडकून राहिलेलं तेलही तुटून वायू होतं. हा दुसरा भाग नवखे हमखास विसरतात, आणि मला तर तोच सगळ्यात सुंदर वाटतो. झाडांच्या अवशेषांपासूनचं केरोजेन मात्र तेल फारसं देत नाही, वायूच देतं.

किती तापलं ते व्हिट्रिनाइटच्या (झाडांच्या अवशेषांपासून बनलेल्या कणांच्या) परावर्तनावरून, म्हणजे ते किती प्रकाश परत फेकतात त्यावरून, कळतं. सागरी शेलमध्ये परावर्तन १.३ टक्क्यांच्या आसपास पोचलं की तेलाचा काळ सरतो, पुढे वायूचा. (सिल्युरियन काळाआधीच्या, म्हणजे सुमारे ४४ कोटी वर्षांहून जुन्या, खडकात व्हिट्रिनाइट शोधू नकोस, तेव्हा तशी झाडंच नव्हती.)

आणखी एक. आज मोजलेला कार्बन हा उरलेला कार्बन असतो. मूळचा जास्त होता. जो गेला, त्याच्या जागी सेंद्रिय कणांत नॅनोमीटर आकाराची छिद्रं पडतात. बराचसा वायू तिथेच साठतो, काही मोकळा, काही भिंतींना चिकटून.