फ्रेंच कलाकार मिस्तँगेत केवळ तिच्या पायांमुळेच प्रसिद्ध झाली का?

नाही, असं म्हणणं तिच्यावर अन्याय आहे. 1919 मध्ये तिने पायांचा 5 लाख फ्रँकचा विमा उतरवला, म्हणून तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. मूळ नाव जान बुर्जुआ, जन्म पॅरिसजवळच्या आंग्यँ-ले-बँ गावचा. 1890 च्या दशकात रंगमंचावर आली, पण खरी प्रसिद्धी मिळायला बरीच वर्षं गेली. मग मुलँ रूज, फोली बेर्जेर, कासिनो द पारी ही सगळी थिएटरं तिने गाजवली. आवाज फार मोठा नव्हता. विनोदाची जाण आणि प्रेक्षकांवरची पकड मात्र जबरदस्त! मला तिचं धाडस जास्त भावतं. पहिल्या महायुद्धात तिचा प्रियकर, गायक मोरिस शव्हालिए, जर्मनांच्या कैदेत होता. त्याच्या सुटकेसाठी तिने थेट स्पेनच्या राजाकडे शब्द टाकला. 1916 मध्ये तो सुटला.