आंबोलीत पावसाळी रात्री मलबारी उडत्या बेडकाचा फोटो कसा काढावा?

आधी गुडघे चिखलात टेकवायची तयारी ठेवा. वरून काढलेल्या फोटोत तो नुसता हिरवा गोळा दिसतो. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीला आणलात की बोटांमधले नारिंगी पडदे दिसतात, आणि सगळं सौंदर्य तिथेच आहे. ९०-१०० मिमीची मॅक्रो लेन्स (छोट्या गोष्टी जवळून टिपणारी), अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र एफ/११ च्या आसपास. फ्लॅशवर डिफ्यूझर (प्रकाश पसरवून मऊ करणारं आवरण) हवाच, नाहीतर ओल्या कातडीवर पांढरे डाग चमकतात.

पाण्यावर झुकलेल्या पानांत या बेडकाचं फेसाचं घरटं दिसलं तर फांदी ओढू नका. त्यातली पिल्लं थेट खालच्या पाण्यात पडतात. फांदी सरकली तर कोरड्यावर पडून मरतील. बेडूक उचलून ‘चांगल्या’ पानावर ठेवणं मला अजिबात पटत नाही. तो बसलाय तिथेच थांबा, अर्धा तास लागला तरी.