एसईसी खरोखर बलाढ्य, की उगाच डोक्यावर घेतलेली?

आपण विचारले आहे की, अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलच्या क्रमवारीत साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे, म्हणजे एसईसी या दक्षिणेकडील विद्यापीठांच्या गटाचे, संघ दरवर्षी इतक्या संख्येने कसे असतात, आणि ही कॉन्फरन्स खरोखर तेवढी बलाढ्य आहे की क्रमवारी ठरवणाऱ्यांनीच तिला डोक्यावर घेतले आहे. मुलगी एसईसीतील जॉर्जिया विद्यापीठाची आणि जावई बिग टेन या प्रतिस्पर्धी कॉन्फरन्समधील ओहायो स्टेटचा असल्यामुळे घरात हा वाद मिटत नाही, असेही आपण लिहिले आहे. मी अनेक वर्षे टेनेसीतील नॅशव्हिलमध्ये, म्हणजे एसईसीच्याच मुलखात, राहत असल्याने तटस्थ असल्याचा आव आणणार नाही. तरीही माझे मत असे आहे की, या कॉन्फरन्सच्या शिखरावरील दोन-तीन संघ मिळणाऱ्या मानाला पात्र असतात. मात्र त्यांच्या पुण्याईवर मधल्या फळीतील पाच-सहा संघ जो भाव खातात, तो त्यांनी मैदानावर कमावलेला नसतो.

हे समजण्यासाठी एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. आपल्याला क्रिकेटच्या साखळी स्पर्धांमुळे गुणतक्त्याची सवय असते. जिंकले की गुण, आणि गुणांवरून क्रमांक. कॉलेज फुटबॉलमध्ये असा सामाईक गुणतक्ता नाही. २०२४ मध्ये सर्वोच्च विभागात १३४ संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला नियमित हंगामात अवघे बारा सामने होते, त्यांतील आठ-नऊ आपल्याच कॉन्फरन्समध्ये. म्हणजे ज्या दोन संघांची तुलना करायची, ते बहुतेक वेळा एकमेकांशी खेळलेलेच नसतात. मग मतदान होते. असोसिएटेड प्रेसच्या, १९३६ पासून चालत आलेल्या क्रमवारीत साठेक पत्रकार प्रत्येकी पंचवीस संघांची यादी देतात, पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २४, असे करत पंचविसाव्याला एक. प्रशिक्षकांची वेगळी क्रमवारी असते. आणि ज्यावर विजेतेपदाचा मार्ग खरोखर अवलंबून असतो, ती प्लेऑफची, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीची, क्रमवारी तेरा जणांची निवड समिती टेक्सासमधील एका हॉटेलात बसून ठरवते. २०१४ ते २०२३ या हंगामांत प्लेऑफमध्ये चार संघ असत, २०२४ पासून बारा झाले.

खरी गोम हंगामापूर्वीच्या क्रमवारीत आहे. एकही चेंडू फेकला गेलेला नसताना ऑगस्टमध्ये ही यादी जाहीर होते, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या पंचविसांत एसईसीचे नऊ संघ होते. या यादीचा अंदाज किती भरवशाचा असतो, हे दहाव्या क्रमांकावरील फ्लोरिडा स्टेटवरून कळते. तो संघ त्या हंगामात दोन सामने जिंकला आणि दहा हरला. उलट बिग ट्वेल्व्ह या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये ज्या ॲरिझोना स्टेटला सोळा संघांत शेवटचे स्थान दिले गेले होते, ती कॉन्फरन्स त्याच संघाने जिंकली. फ्लोरिडा स्टेटची चूक लवकर उघडी पडली, कारण तो सुरुवातीलाच हरत गेला. पण एकाच कॉन्फरन्सचे नऊ संघ यादीत असले, की त्यांचे आपसातील सामने आपोआप ‘मानांकितांच्या लढती’ ठरतात. जिंकणारा वर चढतो, हरणारा मात्र ‘चांगल्या संघाकडून हरला’ म्हणून दोन-तीन पायऱ्याच उतरतो, आणि तो फारसा उतरला नाही म्हणून जिंकणाऱ्याचा विजय हंगामभर मोलाचा राहतो. उंटाच्या लग्नात गाढवाने गायचे आणि दोघांनी एकमेकांना ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’ म्हणायचे, असा हा प्रकार आहे. फरक इतकाच की येथे उंट कधीकधी खरोखरच देखणा असतो.

तो देखणा होता, याबद्दल जावयांनी वाद घालू नये. २००६ ते २०१२ या सलग सात हंगामांत राष्ट्रीय विजेतेपद एसईसीकडेच गेले, आणि तेही एका संघाच्या जोरावर नव्हे. फ्लोरिडा, एलएसयू (लुइझियाना स्टेट), अलाबामा आणि ऑबर्न असे चार संघ त्यात होते. पुढे २०१९ ते २०२२ या चार हंगामांत एलएसयू, अलाबामा आणि दोनदा जॉर्जिया विजेते ठरले, आणि शेवटच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाने टेक्सासमधील टीसीयूला ६५–७ असे लोळवले. व्यावसायिक एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतही, २००७ पासून दरवर्षी सर्वाधिक खेळाडू याच कॉन्फरन्समधून निवडले जातात, आणि एनएफएलचे व्यवस्थापक कोणाच्या परंपरेवर भाळून पैसे टाकत नाहीत. दक्षिणेतील या संघांकडे गुणवत्तेचा साठा होता व आहे, हे नाकारणे म्हणजे उगाच आडमुठेपणा होईल.

माझा आक्षेप त्या साठ्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षावर आहे, आणि त्यासाठी २०२४ चा हंगाम पुरेसा आहे. त्या वर्षी ५ ऑक्टोबरला पहिल्या क्रमांकावरील अलाबामा नॅशव्हिलमध्ये व्हँडरबिल्टकडून ४०–३५ असा हरला. व्हँडरबिल्टने अलाबामाला यापूर्वी हरवले होते ते १९८४ मध्ये. त्या संध्याकाळी विद्यार्थ्यांनी गोलपोस्ट उखडून खांद्यावर घेतला, ब्रॉडवेवरून मिरवत नेला आणि कंबरलँड नदीत टाकला. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून पाहत होतो, आणि गणपतीची मिरवणूक पाहिलेल्या माणसालाही तो जल्लोष कमी वाटला नाही. दुसऱ्या दिवशीपासून दूरचित्रवाणीवरील चर्चांमध्ये सूर असा होता की, पाहा, एसईसीमध्ये तळाचा संघसुद्धा किती तगडा आहे. पण हाच व्हँडरबिल्ट तीनच आठवड्यांपूर्वी जॉर्जिया स्टेट नावाच्या, एका लहान कॉन्फरन्समधील संघाकडून ३६–३२ असा हरला होता, आणि त्या जॉर्जिया स्टेटने संपूर्ण हंगामात तीनच सामने जिंकले. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस मिशिगनच्या साधारण संघाने ओहायो स्टेटला त्यांच्या घरच्या मैदानावर १३–१० असे हरवले, तेव्हा मात्र बिग टेनमध्ये खालपर्यंत किती दम आहे, असे गुणगान कोणी केले नाही. ओहायो स्टेटच्या प्रशिक्षकाला काढावे का, यावर चर्चा झाली. एकच घटना एका कॉन्फरन्समध्ये बळाचा पुरावा ठरते आणि दुसरीत दुबळेपणाचा. ‘ओव्हररेटेड’ म्हणजे काय असे कोणी मला विचारले, तर मी या दोन शनिवारांकडे बोट दाखवीन.

अलाबामा पुढे टेनेसीकडून आणि नंतर ओक्लाहोमाकडून २४–३ असाही हरला. त्या ओक्लाहोमाला हंगामाच्या शेवटी नेव्हीने एका गुणाने हरवले. मिसिसिपी, ज्याला सगळे ओल मिस म्हणतात, घरच्या मैदानावर केंटकीकडून हरला, आणि केंटकीचा त्या हंगामातील एसईसीमधला तो एकमेव विजय होता. तरीही डिसेंबरमध्ये प्लेऑफमधील शेवटच्या जागेचा प्रश्न आला तेव्हा तीन पराभवांचा अलाबामा आणि एसईसीबाहेरचा, दोन पराभवांचा एसएमयू यांत कोण, यावर देशभर काथ्याकूट झाला. एसएमयूचा दुसरा पराभव त्यांच्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात क्लेमसनकडून शेवटच्या क्षणी, ५६ यार्डांवरून मारलेल्या फील्ड गोलमुळे झालेला होता. समितीने एसएमयूला दहावे आणि अलाबामाला अकरावे ठेवले, म्हणजे अलाबामा प्लेऑफबाहेर राहिला. हा निर्णय मला तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो, जरी पहिल्याच फेरीत पेन स्टेटने एसएमयूचा ३८–१० असा धुव्वा उडवला. त्या निकालानंतर आमच्याकडचे लोक ‘बघा, आम्ही म्हणत होतो’ म्हणाले; पण त्याच दिवशी रात्री ओहायो स्टेटने टेनेसीला ४२–१७ असे हरवले, त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. दहा दिवसांनी अलाबामाही फ्लोरिडातील एका बोल सामन्यात, म्हणजे प्लेऑफबाहेरच्या संघांच्या हंगामोत्तर सामन्यात, मिशिगनकडून १९–१३ असा हरला. अशा बोल सामन्यांना मी फार महत्त्व देत नाही, कारण ड्राफ्टला जाणारे खेळाडू दुखापतीच्या भीतीने त्यात उतरत नाहीत. परंतु त्या दिवशी मिशिगनचेही अनेक मुख्य खेळाडू बाहेरच होते.

गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी समितीने उलटे केले. २०२५ च्या हंगामात एसईसीच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाकडून २८–७ असा हरून तीन पराभव झालेल्या अलाबामाला नवव्या क्रमांकावर ठेवून प्लेऑफमध्ये घेतले आणि दोन पराभवांचा नोटर डेम बाहेर राहिला. अलाबामाने पहिल्या फेरीत ओक्लाहोमाला हरवले खरे, पण प्लेऑफच्या पुढच्या फेरीत, रोझ बोलमध्ये, इंडियानाने त्यांना ३८–३ असे चिरडले आणि पुढे तोच इंडियाना विजेता झाला. २०२३ मध्ये मिशिगन, २०२४ मध्ये ओहायो स्टेट, २०२५ मध्ये इंडियाना, अशी सलग तीन विजेतेपदे बिग टेनकडे गेली. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर व प्रसिद्धीवर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली आणि विद्यापीठ बदलणेही सोपे झाले. पूर्वी अलाबामा किंवा जॉर्जियात राखीव म्हणून तीन वर्षे बसून राहणारा उत्तम खेळाडू आता दुसरीकडे जाऊन पहिल्या अकरांत खेळतो. दुसऱ्या-तिसऱ्या फळीची जी श्रीमंती एसईसीचे खरे बळ होती, ती अशी देशभर वाटली गेली. मतदारांच्या मनातली प्रतिमा मात्र जुन्याच भावाने चालू आहे.

एक मुद्दा जावई आकडेमोड करून सहज पटवून देऊ शकतील. एसईसीमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये सोळा संघ प्रत्येकी आठ कॉन्फरन्स सामने खेळले, म्हणजे आपसात ६४ सामने आणि अर्थातच ६४ पराभव, संघामागे सरासरी चार. बिग टेनमधील अठरा संघ प्रत्येकी नऊ खेळतात, म्हणजे ८१ पराभव, संघामागे साडेचार. उरलेला सामना एसईसीचे अनेक संघ नोव्हेंबरच्या मध्यावर, ऐन निर्णायक काळात, खालच्या विभागातील एखाद्या पाहुण्या संघाशी खेळत आले आहेत. अलाबामाने २०२४ मध्ये मर्सरला असेच ५२–७ ने हरवले. अर्धा पराभव ही किरकोळ गोष्ट वाटेल, पण जेथे दोन पराभव आणि तीन पराभव यांवरून प्लेऑफचे दार उघडते किंवा बंद होते, तेथे ती किरकोळ राहत नाही. याउलट मुलीने असे म्हणावे की, आठांतील चार सामने तरी जॉर्जिया, टेक्सास, टेनेसी यांसारख्यांशी असतात आणि तेही ऐंशी-नव्वद हजारांच्या गोंगाटात. ते म्हणणेही खोटे ठरणार नाही.

एसईसीने २०२६ पासून नऊ कॉन्फरन्स सामने खेळण्याचा निर्णय जाहीर केला आहे. म्हणजे आपसातील सामने ७२ होतील, आणि आठ जादा पराभव कोणा ना कोणाच्या खात्यावर पडतील. ते पराभव मधल्या फळीच्या खात्यावर पडल्यावरही ऑक्टोबरअखेर पहिल्या पंचविसांत त्यांचे आठ-नऊ संघ टिकून राहिले, तर जावयांचा मुद्दा सिद्ध झाला असे समजावे. पाचांवर आले, तर मुलीने जॉर्जियाची लाल जर्सी घालून जेवायला बसायला हरकत नाही, कारण मग उरलेले पाच खरे असतील.